मदत कोणाच्या पदरांत?
१९३३ सालीं मंदीनें पिचलेल्या अमेरिकेंत भाव चढविण्यासाठीं रूझवेल्ट सरकारनें उभ्या कपाशींत नांगर घालविला व भरपाई दिली. पण पैसा गेला जमीनदारांच्या हातीं! कित्येकांनीं अर्धेलीच्या कुळांचा वांटा गिळला आणि वर त्यांनाच जमिनीवरून हुसकलें. १९३५ च्या पेन्शन व बेकारी विम्याच्या कायद्यांतून शेतमजूर व घरगडी वगळले; बहुसंख्य काळे मजूर तींच कामें करीत! ज्या अमेरिकन लोकांस गुलाममुक्तीबद्दल जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्यांच्याच देशांतला हा न्याय! मात्र १९३४ सालीं आर्कन्सासांत काळ्या-गोऱ्या कुळांनीं मिळून आपला संघ काढला. बंधूंनो, मदत मंजूर झाली म्हणून हुरळूं नका. ती वांटणारा कोण, हें आधीं विचारा!