पहाटेची वेळ ठरवणारे जर्मन

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या दोन राज्यांत कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री अशा कामांसाठी इथल्या तरुणांना तिकडे जाता यावे, हा त्यामागचा हेतू. या कामांचा दिवस लवकर उजाडतो. रुग्णालयातली सकाळची पाळी, म्हणजे ‘फ्र्यूडीन्स्ट’, साधारण सहाच्या सुमारास सुरू होते. बेकरीत तर त्याच्याही कितीतरी आधी. त्यामुळे ‘उद्या किती वाजता यायचे’ ही बोलणी नवख्या माणसाच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडतात. ती बोलीतली असतात, आणि तिथेच वर्गात शिकलेले जर्मन अपुरे पडते.

वर्गात साडेसहाला ‘झेक्स उअर ड्रायसिश’, म्हणजे सहा वाजून तीस मिनिटे, असे शिकवतात. रेल्वे स्थानकावरच्या घोषणेतही असेच ऐकू येते. सहकारी मात्र ‘हाल्ब झीबन’ म्हणतो. शब्दशः हे ‘अर्धे सात’. सहा वाजून गेले की सातवा तास सुरू होतो आणि त्यातला अर्धा सरला, असा हा हिशेब. श्वाबियात, बव्हेरियाच्या काही भागांत आणि पूर्व जर्मनीत तो आणखी पुढे जातो: ‘फिर्टेल झीबन’ म्हणजे सव्वासहा, ‘ड्रायफिर्टेल झीबन’ म्हणजे पावणेसात. उत्तरेकडच्या अनेक जर्मनांनाही ही पद्धत अडखळवते.

आपल्याकडे जर्मन बहुधा इंग्रजीच्या आधाराने शिकवले जाते, आणि इथे तो आधार घात करतो. बोलीतल्या ब्रिटिश इंग्रजीत ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात. त्या सवयीने ‘हाल्ब झीबन’ ऐकणारा तासभर उशिरा पोहोचेल. मराठी माणसाला मात्र ‘पावणेसात’ म्हणताना येणाऱ्या तासाकडे बघून मोजायची सवय लहानपणापासून असते. तीच दृष्टी साडे आणि सव्वाला लावली की जर्मन घड्याळ उलगडते. ही समजूत मराठीतूनच द्यायला हवी.

बाकीची वाक्येही अशीच आटोपशीर असतात. ‘उद्या सकाळी’ला ‘मॉर्गन फ्र्यू’ म्हणतात. ‘उद्या’ आणि ‘सकाळ’ या दोन्हींसाठी ‘मॉर्गन’ हाच शब्द असल्याने तो लागोपाठ दोनदा वापरत नाहीत. भविष्यकाळाचे रूप शिकलेले असले तरी बोलताना वर्तमानकाळच येतो. आपण ‘उद्या पाचला निघतो’ म्हणतो, तसेच. ‘इश मुस मॉर्गन फ्र्यू राउस’ या वाक्यात मुख्य क्रियापदच नाही; ‘मला उद्या लवकर उठून बाहेर पडायचंय’ हा अर्थ ‘राउस’ या एका शब्दावर तोललेला असतो. ‘उम झेक्स’ म्हणजे बरोबर सहाला, ‘गेगन झेक्स’ म्हणजे सहाच्या सुमारास. मित्राला भेटताना हा फरक किरकोळ वाटेल. पाळी बदलताना तो किरकोळ राहत नाही. आधीच्या पाळीतली परिचारिका रुग्णांची माहिती सोपवायला थांबलेली असते आणि तिचे घरी जाणे नव्या माणसाच्या वेळेवर अवलंबून असते.

म्हणून परदेशी रोजगारासाठी जर्मन शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात या बोलीला हक्काचे तास मिळायला हवेत. परीक्षेतले पत्रलेखन आवश्यक आहेच, पण वेगवेगळ्या प्रांतांतल्या माणसांचे रोजचे बोलणे ऐकवणे, त्यातली वेळ कागदावर आकड्यांत उतरवून घेणे, हा सरावही तितकाच नेमाने व्हावा. आणखी एक सवय लावावी: ऐकलेली वेळ ‘आल्झो, झेक्स उअर ड्रायसिश?’ अशी आकड्यांत परत विचारून पक्की करण्याची. असे विचारण्यात कमीपणा नाही. तिथे ते कामातल्या चोखपणाचे लक्षण मानले जाते. प्रमाणपत्राने नोकरीचे दार उघडते. सहकाऱ्यांचा विश्वास मात्र ठरल्या वेळी हजर राहूनच मिळतो. घर सोडून इतक्या दूर जाणाऱ्या मुलामुलींना तो मिळवण्याची तयारी इथेच करून देणे, ही त्यांना पाठवणाऱ्यांची जबाबदारी आहे.