हाक पोहोचली पाहिजे

नोव्हेंबर 2017 च्या अखेरीस ‘ओखी’ चक्रीवादळ उठले, तेव्हा केरळ-तामिळनाडूचे अनेक मच्छीमार खोल समुद्रात होते. इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. काही नौकांनी थेट देवगड बंदराचा आसरा घेतला; कित्येक माणसे मात्र परतलीच नाहीत. व्हीएचएफ रेडिओच्या लहरी सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या वक्रतेपुढे त्यांचे काही चालत नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये पालघर येथे एक लाख नौकांवर उपग्रहाधारित ट्रान्सपॉन्डर बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला, हे स्वागतार्हच होय. परंतु यंत्र बसविले म्हणजे कर्तव्य संपले, असे नव्हे. बिघडलेले यंत्र बंदरातच दुरुस्त होते काय, ते हाताळण्याचे शिक्षण तांडेलास मिळते काय आणि संदेश त्याच्या भाषेत येतो काय, यावरच योजनेचे यश मोजले पाहिजे. तांडेलाच्या कानी न पडणारा अचूक अंदाज काय कामाचा?