आंध्रदेशींचे तुकोबा

श्रावणांत किंवा महाशिवरात्रीस वैजनाथाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसून पाहणाऱ्यास हें सहज दिसून येतें कीं, वर चढणारे सगळेच यात्रेकरू मराठी बोलत नाहींत. विकाराबादेहून बीदर, उदगीर करीत परळीस येणारा लोहमार्ग तेलगू मुलखांतील भाविकांना ज्योतिर्लिंगाच्या गांवीं आणून सोडतो. १९४८ पर्यंत तर परळी निजामाच्या राज्यांतच होती. हैदराबाद आम्हांस कधींच परकें वाटलें नाहीं. असें असूनहि या शेजाऱ्यांच्या गाण्यांत आपले तुकोबा कधींचे जाऊन बसले आहेत, याची वार्ता आमच्या घरांतून क्वचितच आढळते. म्हणून या खेपेस ‘भक्त तुकाराम’ या १९७३ सालच्या तेलगू चित्रपटाच्या संगीताविषयीं लिहावयाचें योजिलें आहे.

वडीलधाऱ्यांचा आक्षेप आम्हांस आधींच ऐकूं येतो. तुकोबा म्हटले कीं ते प्रभातचे, विष्णुपंत पागनिसांच्या रूपांतले! दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरांत मुंबईच्या ‘सेंट्रल’मध्यें लागला तो सत्तावन्न आठवडे हलला नाहीं, पुढल्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. केशवराव भोळे यांनीं त्याचें संगीत असें ठेविलें कीं शब्द आणि ऐकणारा यांच्या आड दुसरें कांहीं येऊं नये. भोळे स्वतः संगीताचे मार्मिक टीकाकार. कोठें थांबावें हें त्यांना बरोबर कळे. या संगीतावर ज्यांचे कान तयार झाले, त्यांना मद्रासेकडच्या वाद्यवृंदांतले तुकोबा कसे रुचावे?

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच ‘संत तुकारामां’तील सर्वांत गाजलेलें पद तुकोबांचें नाहीं, तें शांताराम आठवले यांचें आहे, आणि तें अस्सल समजून गाथेंत धुंडाळणारे जाणते लोकहि निघाले, ही गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं. पडद्यावरील तुकोबांना पदरचे शब्द पुरविण्याचा पायंडा मराठी मंडळींनींच पाडला. तेव्हां तेलगू मंडळींनीं तोच पुढें चालविला, तर शब्द कोणाचे यापेक्षां ते कसे उतरले हें पाहणें बरें.

हा चित्रपट म्हणजे एका दांपत्याचें घरचें कार्यच होतें. निर्मिती अंजली पिक्चर्सची. अंजलीदेवी, ज्यांची ‘लवकुशां’तील सीता आंध्रांत अजून घरोघर आठवतात, त्या स्वतः तुकोबांच्या कुटुंबाच्या भूमिकेंत, आणि संगीत त्यांचे यजमान पी. आदिनारायणराव यांचें. तुकोबा झाले अक्किनेनी नागेश्वरराव, शिवाजी महाराज झाले शिवाजी गणेशन्, आणि दिग्दर्शन व्ही. मधुसूदनराव यांचें. घरचेंच माणूस पेटीवर आणि घरचीच लक्ष्मी रंगभूमीवर, असा आपल्याकडील जुन्या नाटकमंडळ्यांचा प्रकार ज्यांना ठाऊक आहे त्यांना याची गोडी अधिक कळेल.

आदिनारायणरावांची थोडी ओळख आमच्या वाचकांस नकळत झालेलीच आहे. लताबाई आणि रफी यांनीं गाइलेलें, कोकिळेच्या कूजनाचें तें ‘सुवर्णसुंदरी’तील युगुलगीत रेडिओवर कोणीं ऐकलें नाहीं? सोहनीनें सुरू होऊन बहार, जौनपुरी, यमन अशा रागांतून फिरणारें. तें मुळांत तेलगू. १९५७ च्या तेलगू ‘सुवर्णसुंदरी’त तें घंटसाला आणि जिक्की यांच्या तोंडीं आहे. सारांश, कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांतला हा मनुष्य उत्तरेकडील रागदारी घरच्यासारखी हाताळीत असे. देहूचा विषय त्याच्याकडे आला तो चांगल्या हातीं आला.

आतां ज्या एका गाण्यासाठीं हा प्रपंच मांडला तें. त्याचे कर्ते देवुलपल्ली कृष्णशास्त्री. तेलगू भावकवितेचे हे मोठे अध्वर्यु. आपल्याकडे तांब्यांचें जें स्थान, साधारण त्याच मानाचें त्यांचें तिकडे. साठी उलटल्यावर कंठाच्या दुखण्यानें त्यांची वाचा गेली. तेथून पुढें हा कवि लिहून दाखवूनच बोलत असे, आणि त्याच स्थितींत त्यांनीं चित्रपटांसाठीं कितीतरी गीतें रचिलीं. ‘भक्त तुकारामां’तील पांडुरंगाच्या स्तुतीचें गीत त्यांपैकींच.

तें गाइलें घंटसाला वेंकटेश्वरराव यांनीं. पंचवीस-तीस वर्षें आंध्राच्या चित्रपटांत पुरुषाचा आवाज म्हणजे घंटसालांचाच. या सुमारास मात्र त्यांची प्रकृति ढासळत चालली होती. चित्रपट लागल्यावर वर्षहि भरलें नाहीं तोंच, १९७४ च्या फेब्रुवारींत, ते निवर्तले. व्ही. रामकृष्ण या त्या वेळीं नवख्या असलेल्या गायकाचा आवाजहि याच चित्रपटांत ऐकूं येतो. हल्लींसारखे एकेक आवाज वेगळे टिपून मागाहून जुळविण्याचे दिवस ते नव्हते. गाणारा आणि वाजविणारे एकाच वेळीं बसत. मध्येंच एखाद्याचा स्वर हुकला तर सर्वांनीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयाचा. आजारी छातीच्या गायकास हें काय पडलें असेल याची कल्पना गाणाऱ्यांनींच करावी. ध्वनिमुद्रिकेंत त्याचा मागमूस नाहीं. स्वर भरदार, उच्चार स्वच्छ, आणि देवाचें नांव वारंवार येतें तेथें एक प्रकारचा संथ हेलकावा आहे.

अर्थ थोडक्यांत असा. पहांट झाली आहे, पूजेची वेळ आहे. कानीं येतें ती कोणाची हांक, कीं देवाची भूपाळी, कीं ओंकारच, असें भक्त स्वतःला विचारतो. आणि डोंगर, झरे, फुलें, झाडें सगळींच विठ्ठलाच्या पायांचें ध्यान करीत उभीं आहेत असें त्याला दिसतें. तेलगू येत नसलें तरी बिघडत नाहीं. त्यांतले निम्मे शब्द संस्कृत आहेत, घरांतील मुलेंहि दुसऱ्या ऐकण्यांत ते ओळखतील.

आमचें मत विचाराल तर गाणें उत्तम आहे, पण त्यांतला भक्त तुकोबा नाहीं. आमचे तुकोबा विठ्ठलाशीं भांडतात. त्याला दिवाळखोर म्हणतात, त्याच्याकडे जुनें येणें मागतात. गाथेंतील साडेचार हजारांवर अभंगांत दुष्काळ आहे, बुडालेलें दुकान आहे, अन्नावांचून मेलेली बायको आहे. कृष्णशास्त्र्यांचा भक्त हात जोडून उभा आहे. आमचा तुका देवासारखेच कमरेवर हात ठेवून जाब विचारतो. वाद्यवृंदहि अंमळ जास्त गोड झाला आहे. केशवरावांनीं त्यांतलीं निम्मीं वाद्यें घरीं पाठविलीं असतीं. नर्तकीचें नाचगाणेंहि आहे. पण नर्तकी प्रभातच्या चित्रांतहि होती, त्यामुळें तेथें आम्हांस नाक मुरडतां येत नाहीं.

तरीहि दोष देण्याची घाई आम्ही करणार नाहीं. अभंगाचें भाषांतर करावयाचें तर त्याचा रोखठोकपणा दुसऱ्या भाषेंत बोथट होण्याची भीति असते. कृष्णशास्त्र्यांनीं तें न करतां आपल्या भाषेला जें साधतें तें विठ्ठलापुढें ठेविलें. आम्हांस हा मार्ग प्रामाणिक वाटतो. लोकांनींहि तो मानला. चित्रपट जुना झाला, गाणें झालें नाहीं. तेलगू घरांतून आणि भजनांतून तें अजून गाइलें जातें. इंद्रायणी कधीं न पाहिलेल्या कित्येकांना तुकाराम ठाऊक आहे तो याच गाण्यामुळें.

आणि हें देणेंघेणें नवें थोडेंच आहे? तंजावरचे भोसले शहाजीराजे सतराव्या शतकाच्या अखेरीस तेलगूंत ‘पल्लकी सेवा प्रबंध’ रचीत होते. मराठी राजानें तेलगूंत शंकराची पालखी वाहिली, तेलगू कवीनें आमच्या विठ्ठलाची.

आंध्रांतील हा विठ्ठल एकट्या तुकोबांबरोबर गेला असेंहि नव्हे. १९५७ च्या ‘पांडुरंग माहात्म्यम्’मध्यें एन्. टी. रामाराव पुंडलिक झाले होते; त्याचें संगीत टी. व्ही. राजू यांचें आणि गळा पुन्हां घंटसालांचा. आईबापांना टाकून गेलेला मुलगा परत त्यांच्या पायांशीं येतो तेथलें गाणें घरांतील तरुण मंडळींस अवश्य ऐकवावें. १९७७ च्या ‘चक्रधारी’त नागेश्वररावच गोरा कुंभार झाले. गोरोबांचें तेर परळीहून फार दूर नाहीं; त्या चित्रपटाच्या गाण्यांविषयीं पुढील महिन्यांत.