मशरूची आतली बाजू

गेल्या उन्हाळ्यात अम्मी घरातच घसरून पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. दीड महिना जास्त हालचाल नको, असं डॉक्टरांनी बजावलं. आतल्या खोलीत वॉकर फिरवायला जागा नव्हती, म्हणून हॉलमधला सोफा भिंतीला सारून तिथंच तिचा पलंग टाकला. चार-पाच दिवसांनी दुपारी ती मला म्हणाली, "इस खिडकीसे हवा अच्छी आती रे."

हे घर अब्बांनी १९९३ साली बांधलं. तीस वर्षांहून जास्त काळ अम्मी इथं राहतेय. त्या खिडकीचा पडदा तिनंच शिवलाय, जाळी तिनंच पुसलीय, त्या खिडकीपाशी बसलेल्या पाहुण्यांसाठी चहाचे हजारो कप तिनंच आतून पाठवलेत. पण दुपारी तीनच्या सुमाराला तिथं वारा लागतो, हे तिला ठाऊक नव्हतं. त्या वेळी ती तिथं कधी बसलीच नव्हती.

त्या एका वाक्यानं मी खजील झालो. तेव्हापासून घर सजवणं आणि पाहुण्यांची ऊठबस करणं, या दोन्ही गोष्टींकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहतोय.

आमचा हॉल तुम्ही पाहिला नसेल, तरी पाहिल्यासारखाच आहे. रोशन गेट असो, किराडपुरा असो की सिडकोतला फ्लॅट, मांडणी तीच. भिंतीवर आयतुल कुर्सीची फ्रेम, समोर टीव्ही, सोफ्यावर विणलेली कव्हरं, कोपऱ्यात धूळ खाणारी प्लास्टिकची फुलं आणि काचेच्या शोकेसमध्ये डिनर सेट. हिंदू मित्रांच्या घरी भिंतीवरची फ्रेम बदलते, शोकेस तीच. हा डिनर सेट घरातल्या माणसांसाठी नसतो. घरातली माणसं स्टीलच्या ताटात जेवतात आणि कान तुटलेल्या कपातून चहा पितात. चांगली चादर पेटीत, चांगले ग्लास काचेआड, चांगली खोली बंद. सगळं कुणीतरी येईल म्हणून.

आत गेलात की दुसरंच घर लागतं. स्वयंपाकघरात एक मिणमिणता दिवा आणि खिडकीपुढे निळे ड्रम. आपल्या शहराचं खरं फर्निचर म्हणजे हे ड्रम. कित्येक वस्त्यांत आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नाही, त्यामुळे दोनशे लिटरचे दोन-तीन ड्रम घरोघरी असतातच. घरसजावटीच्या व्हिडिओंत कुंड्या कुठं ठेवायच्या, दिवे कसे लावायचे, सगळं दाखवतात. ड्रम कुठं ठेवायचा, हे कुणी सांगत नाही. आम्ही तो पाहुण्यांच्या नजरेआड ठेवतो. म्हणजे जिथं घरातली बाई दिवसाचे सात-आठ तास उभी असते, तिथला उजेड आणि वारा ड्रम अडवतात. जिथं आठवड्यातून दोन तास कुणी येऊन बसतं, तिथं मात्र दोन पंखे.

माझं म्हणणं साधं आहे. घर आधी त्यात राहणाऱ्यांसाठी सजवावं, आणि पाहुण्याला त्या घरात सामील करून घ्यावं.

सजावटीला माझा विरोध नाही. 'दिखावा नको' म्हणत घर ओकंबोकं ठेवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या घरी गेलं की साधेपणापेक्षा आळसच जास्त दिसतो. देखणेपणाची आवड असणं हा काही गुन्हा नाही. या शहराला तर तिचा वारसा आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली पाणचक्की आठवा. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडायचं आणि त्या जोरावर जातं फिरवायचं. त्या पिठाच्या भाकरी फकिरांच्या आणि वाटसरूंच्या पोटात जायच्या. समोरच्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचं छत. वर पाणी, खाली गारवा. पर्यटक हौदाचे फोटो काढतात, आणि तो आहेच देखणा. पण त्याचा खरा फायदा मे महिन्यात खालच्या दालनात बसलेल्या माणसाला कळतो. तिथं शोभा आणि सोय वेगळी काढता येत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या मागांवरचं. हिमरू आणि मशरू या कापडांशी या शहराचं नाव जुनं जोडलेलं आहे. सोन्याचांदीच्या तारांचा किनखाब ज्यांना परवडत नव्हता, त्यांच्यासाठी सुती आणि रेशमी धाग्यांचा हिमरू होता. मशरू या शब्दाचा अर्थच 'शरीयतला मान्य असलेलं'. पुरुषांनी निव्वळ रेशीम अंगाला लावू नये, म्हणून विणकरांनी असं कापड विणलं की वर रेशीम दिसावं आणि आत अंगाला सूत लागावं. काही जण त्याला पळवाट म्हणून हसतात. मला त्यात शहाणपण दिसतं. बघणाऱ्याला चमक मिळते आणि घालणाऱ्याच्या अंगाला मऊपणा. आपली घरं मात्र आपण उलटी विणली. बाहेरच्याला मऊ, आतल्याला खरखरीत.

हे सगळ्यात जास्त कळतं दावतीच्या दिवशी. आपण मेहमाननवाज आहोत, याचा आपल्याला फार अभिमान. मीही वीस वर्षं मेहमाननवाज होतो. म्हणजे दारात उभा राहून "आइए, तशरीफ रखिए" म्हणायचो, पाहुण्यांबरोबर पोटभर जेवायचो आणि मधूनमधून "और लीजिए ना" असा आग्रह करायचो. आत अम्मी, बायको आणि बहीण घामाघूम. पुरुषांची पंगत उठली की मुलांची, मग बायांची. तोवर हंडीच्या तळाला भात उरलेला, बोट्या संपलेल्या. त्यानंतर चाळीस ताटं ड्रममधलं पाणी जपून जपून घासायची. पाहुणे जाताना माझा हात हातात घेऊन म्हणायचे, "भाई, क्या दावत थी!" आणि मी ती तारीफ निमूट स्वीकारायचो.

आता नान-खलियाचंच पाहा. या शहराची ओळख असलेला हा पदार्थ लग्नात करतात ते पुरुष बावर्चीच. मोठमोठ्या देगा, तंदूर, गूळ-हळदीचं पाणी फिरवून तांबूस-पिवळा झालेला नान. शेकडो माणसांचं जेवण पुरुषांच्या हातून होतं. म्हणजे पुरुषांना स्वयंपाक येत नाही असं नाही. फक्त त्याला मंडप आणि मजुरी लागते.

पाहुण्याची इज्जत करणं हा ईमानाचा भाग आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सूरह ज़ारियातमध्ये हजरत इब्राहीम यांच्याकडे अनोळखी पाहुणे येतात, तो प्रसंग आहे. ते गाजावाजा न करता घरात जातात, स्वतः जेवण घेऊन येतात आणि स्वतःच ते पाहुण्यांपुढे ठेवतात. पैगंबर घरात असले की घरच्यांच्या कामाला हात लावत, असं हजरत आयेशा यांनी सांगितलेलं आहे. पाहुण्याच्या इज्जतीवर तकरीर पुष्कळ ऐकली. ही इज्जत यजमानाने स्वतःच्या हातांनी करायची असते, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

अम्मी चालू लागली, तेव्हा तिला परत आतल्या खोलीत पाठवायचं नाही, असं आम्ही ठरवलं आणि घर हलवायला घेतलं. शोकेस रिकामी केली. डिनर सेट आता रोजच्या जेवणाला. दोन महिन्यांत तीन प्लेटा फुटल्या. मी चुकचुकलो तर बायको म्हणाली, "काचेत राहून तरी कुणाच्या कामी येत होत्या?" ड्रम खिडकीपासून हलवून मोरीजवळच्या भिंतीला लावले. तिथं पाईप ओढून न्यायला थोडा त्रास होतो, तो मी सोसतो. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक खुर्ची ठेवली आणि चांगली ट्यूब लावली. या सगळ्याला पैसे फारसे लागले नाहीत. सुतार अर्धा दिवस आला, तेवढंच.

जुना सोफा विकला. त्या जागी गाद्या, लोड आणि तक्के. अम्मीला खाली बसवत नाही, तिला खिडकीजवळ उंच खुर्ची. जिथं पाच माणसं अवघडून बसायची, तिथं दस्तरखान अंथरला की दहा माणसं आरामात जेवतात. प्लास्टिकची फुलं काढून टाकली आणि हातमागावरच्या हिमरूची दोन तक्क्यांना कव्हरं केली. हाताने हिमरू विणणारे आता अगदी थोडे उरलेत. शहराच्या वारशावर आपण पोस्ट भरपूर लिहितो. एक कव्हर विकत घेतलं तर विणकराच्या चार पैसे हातात पडतात.

दावतीचेही नियम बदलले. मुख्य पदार्थ एकच. नान बाहेरून, खलिया घरी, कांदा-लिंबू आणि एक गोड. नळाला पाणी आलं की त्याच्या दुसऱ्या दिवशी दावत. बाया वेगळ्या बसणार असतील तर जरूर बसाव्यात, पण त्यांची पंगत त्याच वेळी आणि हंडी नुकतीच उघडलेली असताना. ताटं पुरुषांनी उचलायची आणि घासायचीही. शाकाहारी मित्रांसाठी एक पातेलं वेगळं ठेवलंय, आणि बोलावतानाच ते सांगून टाकतो. पाहुण्याला मनात शंका धरून बसावं लागू नये.

यावर नातेवाईक बोललेच. शोकेस रिकामी पाहून एका फूफींनी हळूच विचारलं, "सामान बेच रहे क्या? सब ठीक है ना?" मला हसू आलं, पण त्यांचा प्रश्न खरा होता. घराची पत शोकेसवर मोजायची सवय आपल्याला लागली आहे.

आणि याची किंमत फक्त बायाच मोजतात असं नाही. शहराच्या नावावरून गेल्या काही वर्षांत इथं पुष्कळ वाद झाले. त्या गदारोळात एकमेकांच्या घरी जाणं कमी झालं, हे मला जास्त लागतं. ईदला आपण शीरखुर्मा डब्यातून पाठवतो, दिवाळीचा फराळ डब्यातून येतो. डबा येतो, माणूस येत नाही. दोष सगळा राजकारणाचा नाही. थाटाची दावत करायची म्हणजे आठ दिवसांची तयारी, म्हणून बोलावणंच पुढं ढकललं जातं. घर रोजचंच नीटनेटकं असेल आणि जेवण घरच्यासारखं असेल, तर मधल्या वारीही फोन करून म्हणता येतं, "संध्याकाळी या." आम्ही तसं करून पाहिलं. माझे दोन जुने सहकारी कुटुंबासह आले. दहा वर्षांत पहिल्यांदा.

अम्मी आता काठी घेऊन चालते. दुपारी तीन वाजता तिच्या खुर्चीवर तस्बीह घेऊन बसते. शेजारची काकू कधी कधी येऊन टेकते. परवा ऐन त्याच वेळी माझ्याकडे दोघं जण आले. जुन्या सवयीनं अम्मी आत जायला उठू लागली. मग काय वाटलं कोण जाणे, ती पुन्हा खाली बसली आणि मला म्हणाली, "चाय तू बना."