यादी सर्वांची, निवड ज्याची त्याची

वाचनालयांतल्या पुस्तकांची एकत्र यादी करू या, असे कोणी म्हटले की धाराशिव जिल्ह्यात दोन ठरलेली उत्तरे मिळतात. गावचे पदाधिकारी म्हणतात, "आज यादी एकत्र, उद्या कारभार एकत्र आणि परवा आमची पुस्तके जिल्ह्याला." शहरातले हिशेबी लोक म्हणतात, "चार कपाटांच्या वाचनालयाला कारभार हवाच कशाला? खरेदी, नियम सगळे एकाच ठिकाणाहून करा. पैसा वाचेल." मला दोन्ही मान्य नाहीत. पण पहिल्यांची भीती समजण्यासारखी आहे. दुसऱ्यांचा हिशेबच कच्चा आहे.

ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना वर्षानुवर्षे बंद पडलेला ज्यांनी पाहिला, ते 'सामायिक' म्हटले की सावध होणारच. सभासद हजारो असले तरी निर्णय त्यांच्या हाती राहतोच असे नाही, हे इथे कोणाला शिकवायला नको. तरीही त्या भीतीतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली शासन वाचनालयाला मान्यता आणि अनुदान देते. वाचनालय चालवते ती मात्र गावची नोंदणीकृत संस्था. दाखल नोंदवहीतली नोंद संगणकावर सगळ्यांना दिसू लागली म्हणून पुस्तकाचा मालक बदलत नाही. तेरचेच पाहा ना. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेला पुराणवस्तूंचा संग्रह शासनाच्या ताब्यात गेला, संग्रहालय शासकीय झाले, तरी वस्तू तेरमध्येच आहेत. तिथे तर मालकीही बदलली होती. इथे नुसती यादी जोडायची आहे.

आणि आज जपायचे म्हणतो ते स्वातंत्र्य तरी केवढे? 2022-23 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तेव्हा 'ड' वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान वाचनालयाचे वर्षाचे अनुदान 30 हजारांवरून 48 हजारांवर गेले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि उरलेच तर पुस्तके. अशा ग्रंथपालाने 'ययाती' दाखल करून घ्यायची, वर्गांक ठरवायचा, तालिकापत्र लिहायचे. तेच काम, त्याच पुस्तकासाठी, कळंबमध्येही होते आणि भूममध्येही. एकीकडे लेखक 'खांडेकर, वि. स.' म्हणून नोंदला जातो, दुसरीकडे 'वि. स. खांडेकर' म्हणून, आणि वाशीच्या वाचकाला ते पुस्तक शेजारच्या तालुक्यात आहे याचा पत्ताच लागत नाही. याला स्वायत्तता म्हणायचे असेल तर म्हणा बापडे. मी याला फुकटची हमाली म्हणेन.

आता हिशेबी लोकांकडे वळू. एकगठ्ठा खरेदीत सूट जास्त मिळते, हे खरे. पण स्वस्तात घेतलेले पुस्तक कपाटात पडून राहिले तर ते महागच पडले. उमरगा तालुक्यात, मुरूमच्या पट्ट्यात कन्नड वाचणारी घरे आहेत. परंडा आणि नळदुर्गला उर्दूचा वाचक आहे. निजामी राजवटीने ठेवलेला तो वारसा आहे. कळंबला संध्याकाळी टेबले अडवून बसणाऱ्या मुलांना स्पर्धा परीक्षेची या वर्षीची पुस्तके हवी असतात, गेल्या वर्षीची चालत नाहीत. हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कळत नाही, मुंबईत बसून तर नाहीच. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान पुस्तके पुरवते, ती जरूर घ्यावीत. पण ती जोड आहे, तिने गावच्या निवडीचे काम भागत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे: जे काम सगळीकडे सारखेच आहे ते एकत्र करावे आणि जिथे वाचक वेगळा आहे तिथे हात लावू नये. वर्गीकरण, तालिका, संगणक प्रणाली आणि तिची देखभाल सामायिक असावी. खरेदी, वेळा, वर्गणी, अनामत, कोणते पुस्तक बाद करायचे, हे गावच्या कार्यकारिणीने ठरवावे. यात तांत्रिक अडचण नाही. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या वाचनालयासाठी तयार झालेली 'कोहा' ही मोफत प्रणाली 2000 पासून वापरात आहे. तिच्यात यादी एक ठेवून प्रत्येक शाखेला पुस्तक किती दिवस द्यायचे, दंड किती, हे वेगळे ठरवता येते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे 'ई-ग्रंथालय'ही आहे.

खरी अडचण वाचनालयांच्या आपसातल्या करारात असते. त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. 'अ' वर्ग असो वा 'ड', प्रत्येक वाचनालयाला एकच मत. परगावी दिलेले पुस्तक हरवले तर मागवणाऱ्या वाचनालयाने भरपाई द्यावी. कोणत्या सभासदाने काय वाचले, हे त्याच्या वाचनालयाबाहेर कोणाला दिसू नये. आणि बाहेर पडायचे ठरले तर आपल्या सगळ्या नोंदी 'मार्क' या प्रमाणित स्वरूपात, पैसे न मोजता परत मिळाव्यात. हे शेवटचे कलम नसेल तर गावच्या पदाधिकाऱ्यांची भीती खरी ठरेल, आणि मग मीही त्यांच्या बाजूने उभा राहीन.

सुरुवातीला आठही तालुके नकोत. कळंब, वाशी आणि भूम हे शेजारचे तीन पुरेत. तिथल्या कार्यकारिणींनी येत्या वार्षिक सभेत हा ठराव विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि मतदानाआधी बाहेर पडण्याचे कलम सभेत मोठ्याने वाचून दाखवावे.