साक्ष डोळ्यांनी ऐकताना

पाप, बाप, माप. आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. आणि तरीही, कर्णबधिरांबद्दल ‘ओठ वाचून कळेल की त्यांना’ असं आपण किती सहज म्हणतो! साक्षीच्या पिंजऱ्यात एवढ्यावर भागत नाही.

सप्टेंबर २०२३मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह सर्वोच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत सहभागी झाल्या. सुरुवातीला पडद्यावर फक्त दुभाषी होते. सरन्यायाधीशांच्या परवानगीनंतर सनीही दिसू लागल्या. त्या प्रसंगातून या अंकाचा विषय सुचला.

कायद्यात तरतूद आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२५नुसार, बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने खुल्या न्यायालयात खुणांनी दिलेली साक्ष तोंडीच मानली जाते. दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत आणि चित्रीकरणही त्यात आहे. पण भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नार्थक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते. उलटतपासणीचा वळणदार प्रश्न त्यात कसा उतरवायचा? आम्हाला खरा पेच इथे दिसतो, म्हणून अंकाचा भर दुभाष्यांवर आहे.

कर्णबधिर वाचकांनो, वकिलांनो, कोर्टातले तुमचे अनुभव आम्हाला जरूर कळवा.