रिकामी खुर्ची आणि विनोदी मालिका

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत करमणुकीविषयीं एकमत होणें कठीणच. आजोबांस बातम्या हव्यात, सुनांना मालिका आणि मुलांना भलतेंच कांहीं. तथापि अलीकडे आमच्या परिचयाच्या अनेक कुटुंबांत एक चमत्कारिक प्रकार आमच्या पाहण्यांत येतो. कॉलेजांत जाणारीं मुलें आणि नोकरीवर नुकतीच रुजू झालेली तरुण मंडळी एखादी जुनी अमेरिकन विनोदी मालिका पहिल्या भागापासून पाहूं लागतात, ठराविक जागीं आलीं कीं थांबतात, आणि पुढें जाण्याऐवजीं पुन्हां आरंभापासून सुरुवात करतात. पुढचें कां पाहत नाहीं, असें विचारावें तर उत्तर मिळतें कीं, मुख्य माणूस गेला, आतां पुढें गोडी नाहीं.

पंधरावीस पात्रांपैकीं एक गेलें तर सारी मालिका बेचव कां व्हावी? बाकीचीं पात्रें तींच, लिहिणारे बहुतेक तेच, कचेरी तीच, टेबलेंदेखील तींच. मग उणें काय पडतें? हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. परंतु त्याचा विचार करूं लागल्यावर तो केवळ करमणुकीचा नाहीं, असें आमच्या ध्यानांत आलें. म्हणून या महिन्यांत तोच विषय वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम या मालिकांचा प्रकार काय, तें पाहूं. एक कचेरी, दुकान, इस्पितळ किंवा मद्यगृह घ्यावयाचें. तेथें काम करणारीं दहापंधरा माणसें घ्यावयाचीं. आणि दर आठवड्यास अर्ध्या तासाच्या अवकाशांत त्यांची एखादी लहानशी फजिती दाखवावयाची. यांत कथानक असें फारसें नसतेंच. वाढदिवस, पगारवाढ, हरवलेली किल्ली, नवा नियम, एवढ्यावर भाग उभा राहतो. प्रेक्षकांस हंसूं येतें तें काय घडलें यामुळें नव्हे, तर तें कोणाच्या बाबतींत घडलें आणि त्या वेळीं दुसऱ्यानें कसें पाहिलें, यामुळें. आपल्या घरांतील थट्टेचेंही असेंच असतें. दादांच्या चष्म्यावरून सारें घर पोट धरून हंसतें आणि पाहुणा मात्र गोंधळून बसतो. कारण त्यास दादाही ठाऊक नसतात व चष्म्याचा इतिहासही ठाऊक नसतो.

येथें आपल्या रंगभूमीचें उदाहरण कोणी पुढें करील. किर्लोस्कर मंडळीच्या भाऊराव कोल्हटकरांच्या मृत्यूनें १९०१ सालीं मराठी रसिक हळहळले. परंतु १९०५ सालीं त्याच मंडळींत बालगंधर्व शकुंतलेच्या भूमिकेंत उभे राहिले आणि नाटक पुढें चाललें. हें खरें आहे. परंतु शकुंतला कोणत्याही नटाच्या आधींची आहे. ती संहितेंत पुरी लिहिलेली असते. नट येतो, तिच्यांत शिरतो आणि निघून जातो. विनोदी मालिकेंतील पात्राची गोष्ट निराळी. तें पहिल्या दिवशीं जेमतेम रेखाटलेलें असतें. नट त्यांत आपली मान वेळावण्याची लकब, आपली बोलण्याची गति, आपला अडखळ घालतो. लेखक तें पाहून पुढचा भाग तसा लिहितात. आणि दोनतीन वर्षांत नट कोठें संपतो व पात्र कोठें सुरू होतें, हें सांगतां येत नाहीं. अशा पात्राची भूमिका दुसऱ्यास देतां येत नाहीं. त्याची जागा तेवढी देतां येते. आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

या घोटाळ्याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे 'द ऑफिस' ही मालिका. मूळ मालिका इंग्लंडमधील. रिकी जर्वेस व स्टीफन मर्चंट या दोघांनीं ती रचली. २००१ ते २००३ या काळांत तिचे अवघे चौदा भाग झाले आणि कर्त्यांनीं ती आपण होऊन संपविली. पुढें ग्रेग डॅनियल्स यांनीं तिचा अमेरिकन अवतार तयार केला. तो २४ मार्च २००५ रोजीं सुरू झाला आणि नऊ पर्वें चालला. पेनसिल्व्हेनियांतील स्क्रँटन या गांवीं कागद विकणाऱ्या एका कंपनीची शाखा आहे व तिचा व्यवस्थापक मायकेल स्कॉट नांवाचा एक बडबड्या, अप्रयोजक, परंतु आंतून प्रेमाचा भुकेला असा गृहस्थ आहे. ही भूमिका स्टीव्ह करेल यांनीं केली. सातव्या पर्वांत, २८ एप्रिल २०११ रोजीं दाखविलेल्या भागांत, मायकेल स्कॉट नोकरी सोडून आपल्या भावी पत्नीकडे दूर गांवीं निघून गेला.

मालकांस वाटलें असावें कीं, जिम आहे, पॅम आहे, ड्वाइट आहे, प्रेक्षकांचा या तिघांवर लोभ आहे; मग भीति कशाची? पण या तिघांचें काम कशावर चाले, तें पाहावें. जिम कॅमेऱ्याकडे एक कटाक्ष टाकी आणि लोक हंसत; तो कटाक्ष बहुधा मायकेलच्या मूर्खपणावरचा असे. पॅमची सोशिकता मायकेलच्या लहरी सोसण्यांत दिसे. ड्वाइटची स्वामिनिष्ठा तर स्वामीवांचून उभीच राहूं शकत नव्हती. एक नट गेला, परंतु त्याबरोबर उरलेल्या प्रत्येकाच्या कामाचा अर्धा अधिक भाग गेला. खांब काढल्यावर तुळ्या जागच्या जागीं दिसतात खऱ्या. भार कोठें द्यावा, तें मात्र त्यांस कळत नाहीं.

यानंतर त्या खुर्चीची जी परवड झाली, ती पाहण्यासारखी आहे. प्रथम विल फेरेल या प्रसिद्ध नटास नवा व्यवस्थापक म्हणून आणलें. चार भागांत त्याचें काम आटोपलें. बास्केटबॉलची टोपली अंगावर पडून तो जायबंदी झाला. मग ड्वाइटला हंगामी नेमलें. त्यानें कचेरींत बंदूक उडविली. मग क्रीड नांवाच्या एका विक्षिप्त म्हाताऱ्यास बसविलें. नंतर जेम्स स्पेडर यांचा रॉबर्ट कॅलिफोर्निया हा व्यवस्थापक म्हणून आला; परंतु आल्या आल्या तो मालकिणीचें मन वळवून तिच्याच जागीं जाऊन बसला आणि व्यवस्थापकाची खुर्ची अँडी बर्नार्डकडे आली. अँडी आपल्या प्रेयसीस आणावयास फ्लोरिडाला गेला असतां नेली नांवाची एक बाई सरळ त्याच्या खुर्चींत येऊन बसली, आणि तिला उठवावें कसें, हें कोणास कळेना! हा प्रसंग विनोद म्हणून लिहिला होता. आमच्या मतें त्या मालिकेची खरी अवस्था त्यांत नकळत उमटली होती.

सर्वांत अधिक हाल झाले ते अँडीचे. एड हेल्म्स हे गुणी नट. त्यांचा अँडी तिसऱ्या पर्वांत आला, तेव्हां तो आपल्या विद्यापीठाची प्रौढी मिरविणारा, चटकन भडकणारा, खुशमस्कऱ्या असा एक बाजूचा इसम होता. आणि बाजूस होता तोंवर फार मजेचा होता. खुर्ची मिळतांच त्याच्याकडून मायकेलची अपेक्षा होऊं लागली. तसाच भोळसटपणा, तशीच मान्यतेची हांव, तशाच घरगुती सहली. पुढें नवव्या पर्वांत तोच अँडी होडींतून कित्येक महिने बेपत्ता झाला आणि परतला तो कठोर व कृतघ्न होऊन. दोन वर्षांत एकाच माणसाचे तीन स्वभाव झाले. प्रेक्षक एखाद्या पात्राचा दुष्टपणा सहन करतात, मूर्खपणावर तर प्रेमच करतात. पण हा माणूस कोण, हेंच ज्याच्याविषयीं कळेनासें होतें, त्याच्याशीं त्यांचें नातें जुळत नाहीं.

मालिका १६ मे २०१३ रोजीं संपली. त्या अखेरीच्या सुमारास व्यवस्थापकपद कोणाकडे गेलें, ठाऊक आहे? ड्वाइटकडे. पहिल्या दिवसापासून जो त्या खुर्चीकडे डोळे लावून बसला होता, हंगामी कामांत पडला होता आणि पडून शहाणा झाला होता, त्याच्याकडे. शेवटच्या भागांत ड्वाइटच्या लग्नास मायकेल क्षणभर येऊन गेला. तो आला तो पाहुणा म्हणून, आणि त्यानें खुर्ची मागितली नाहीं. हा शेवट पुष्कळांस गोड वाटला. घरांत होतें तें शोधावयास मंडळी दोन वर्षें गांवभर हिंडली, एवढेंच.

म्हणजे पात्र बदललें कीं मालिका बुडालीच, असा सिद्धांत मांडावा काय? तसें म्हणतां येत नाहीं. उलट बाजूचीं दोन भक्कम उदाहरणें आहेत. पहिलें 'मॅश' या मालिकेचें. कोरियांतील युद्धावर गेलेल्या अमेरिकन डॉक्टरांचें हें लष्करी इस्पितळ १९७२ पासून १९८३ पर्यंत चाललें. १९७५ मध्यें त्यांतून दोन प्रमुख नट एकदम गेले. कर्नल ब्लेक हा ढिला व प्रेमळ प्रमुख होता. त्याच्या जागीं आला तो पॉटर, घोडदळांत मुरलेला कसलेला सैनिक. ट्रॅपर हा बाईलवेडा सोबती होता. त्याच्या जागीं आला हनिकट, पत्नी व मुलीच्या आठवणीनें झुरणारा गृहस्थ. पुढें १९७७ मध्यें बर्न्स हा क्षुद्र आणि अकुशल डॉक्टर गेला, तेव्हां त्याच्या जागीं बॉस्टनचा विंचेस्टर आला. गर्विष्ठ, परंतु शस्त्रक्रियेंत निष्णात. बर्न्सला कोणीही सहज हरवी. विंचेस्टरला हरवावयास नायकास बुद्धि खर्चावी लागे. रेडार हा कारकून १९७९ मध्यें घरीं गेला, तेव्हां तर नवें माणूस आणलेंच नाहीं. तेथल्याच क्लिंजरला कामावर बसविलें.

यांतील कोणीही आपल्या पूर्वजाची नक्कल नव्हता. आणि गेलेल्याचें जाणेंही झांकलें नव्हतें. घरीं परतणाऱ्या ब्लेकचें विमान समुद्रांत कोसळल्याची वार्ता रेडार शस्त्रक्रियागृहांत येऊन वाचतो, आणि डॉक्टरांचे हात चालूच राहतात. ट्रॅपरचा निरोप घ्यावयास नायक विमानतळापर्यंत धांवतो आणि कांहीं मिनिटांनीं चुकतो; त्याच विमानतळावर त्यास नवा सोबती भेटतो. प्रेक्षकांस जें दुःख वाटत होतें, तें मालिकेनें स्वतः बोलून दाखविलें. २८ फेब्रुवारी १९८३ रोजीं दाखविलेला तिचा शेवटचा भाग अमेरिकेंत सुमारें साडेदहा कोटि लोकांनीं पाहिला.

दुसरें उदाहरण बॉस्टनमधील मद्यगृहाच्या 'चिअर्स' या मालिकेचें. ती १९८२ मध्यें सुरू झाली. तींतील भोळे वृद्ध 'कोच' म्हणजे निकोलस कोलासांटो हे १९८५ च्या फेब्रुवारींत वारले. मालिकेंतही कोच वारले असें दाखविलें, आणि त्यांचा पत्रमित्र असलेला एक खेडवळ तरुण त्यांना भेटावयास आला, तो तेथेंच कामाला राहिला. भोळेपणा तोच, परंतु वडिलांच्या जागीं आतां पोर आलें, आणि सर्वांची त्याच्याशीं वागण्याची तऱ्हा आपोआप पालटली. १९८७ मध्यें नायिका डायन, म्हणजे शेली लाँग, निघून गेल्या. तेव्हां दुसरी डायन न शोधतां लेखकांनीं नायकाकडून मद्यगृहच विकविलें. तो परत आला तों त्याच्याच दुकानांत रिबेका नांवाची व्यवस्थापिका बसलेली, आणि यास तिच्याकडे नोकरी मागावी लागली. मालिका त्यानंतर सहा वर्षें, १९९३ पर्यंत, डौलानें चालली.

या दोन उदाहरणांशीं पहिलें ताडून पाहिलें म्हणजे भेद स्पष्ट होतो. नट जाणारच. त्यासही संसार आहे, थकवा आहे, दुसरें काम करून पाहण्याची इच्छा आहे. त्यास बांधून ठेवण्याचा प्रेक्षकास अधिकार नाहीं. मालिका लगेच बंद करावी, असें म्हणणेंही सोपें आहे. परंतु पडद्यामागें सुतार, रंगारी, शिंपी, दिवेवाले अशा कितीतरी माणसांची चूल तिच्यावर पेटते, हें विसरूं नये. बिघाड होतो तो आलेल्याकडून गेलेल्याची अपेक्षा केल्यानें. नव्यास जुन्याचे कपडे घालावयाचे आणि ते अंगास बसत नाहींत म्हणून त्यालाच बोल लावावयाचा, हा त्याच्यावरही अन्याय, आणि गेलेल्याच्या आठवणीचाही अपमान.

हें सारें परदेशांतील करमणुकीपुरतें आहे, असें आमच्या वाचकांनीं समजूं नये. एकत्र कुटुंबांत खुर्च्या रिकाम्या होतच असतात. घराचा हिशेब पाहणारे मोठे काका निवर्ततात. सणावाराचा सारा भार वाहणाऱ्या वहिनींचें यजमानांच्या बदलीमुळें बिऱ्हाड हलतें. त्यांच्या जागीं जें माणूस येतें, विशेषतः नवी सून, तिच्या प्रत्येक पोळीला आणि प्रत्येक शब्दाला जुन्या मापानें मोजण्याची घरास संवय असते. "वहिनी असत्या तर असें झालें नसतें," हें वाक्य कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. तें नुसतें पानावर बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर असतें, आणि वाढणारीस तें स्पष्ट वाचतां येतें. अशा वेळीं बिचारीनें काय करावें? ती वहिनी होऊं पाहते, तें तिला साधत नाहीं; आणि जें तिला साधलें असतें, तें करून दाखविण्याची संधीच तिला मिळत नाहीं.

म्हणून आमची वडीलधाऱ्यांस अशी विनंति आहे कीं, गेलेल्या माणसाची आठवण उघडपणें काढावी, तिच्याविषयीं हळहळ वाटली तर तीही उघड बोलावी, आणि आलेल्यास स्वतंत्र काम व स्वतंत्र पद्धति द्यावी. दिवाळीचा चिवडा यंदां थोडा निराळा झाला तर होऊं द्यावा. आणि बाहेर शोध करण्यापूर्वीं घरांतील एखादा ड्वाइट कोपऱ्यांत वर्षानुवर्षें वाट पाहत उभा नाहींना, तेंही एकदां पाहून घ्यावें. पुष्कळदां धाकट्या पातीस हिशेबाची वही कोणी दिलेलीच नसते, म्हणून तिला हिशेब येत नाहीं, असें ठरलेलें असतें.